प्रत्येक डागाला कारण हवे

(शालेय विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी भरविलेल्या हस्तकला वर्गाच्या समारोपप्रसंगी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हस्तकला वर्गाच्या समारोपाला रणगाडा कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्लॅस्टिकचे शेकडो तुकडे जोडून वीतभर लांबीची एक वस्तू तयार करायची, तिला सुबक रंग द्यायचा आणि मग तोच रंग आपल्या हाताने मळवायचा, यात शहाण्या माणसाने वेळ का घालवावा? शिवाय ज्या घरात मुलांच्या अभ्यासाची घाई आहे आणि पैशाचा हिशेब आहे, तिथे हा छंद म्हणजे चैन ठरणार नाही का? या शंकांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. म्हणून आज एकाच रणगाड्याची प्रतिकृती कशी घडते ते मी सांगणार आहे. तिच्यातून मुलाला काय मिळते, याचा निर्णय आपणच करावा.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. खेळणे आणि प्रतिकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळण्यातल्या रणगाड्याला आठ चाके असोत वा चार, तो लाल असो वा निळा, मुलाचे मन रमले की त्याचे कार्य संपले. प्रतिकृतीला ही मुभा नाही. ती वस्तुस्थितीशी बांधलेली असते. मूळ यंत्राला एका बाजूला सहा चाके असतील तर प्रतिकृतीलाही सहाच हवीत. हे बंधन जाचक वाटते खरे. पण या छंदाचे सारे मूल्य त्याच बंधनात आहे.

आपण जो रणगाडा घडविणार आहोत त्याचे नाव ‘सेंच्युरियन’. हे मूळचे ब्रिटिश यंत्र. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, त्याचे पहिले नमुने तयार झाले आणि १९५०च्या दशकात ते भारतीय सैन्यात दाखल झाले. वजन सुमारे ५० टन, आत चार माणसे : नायक, तोफ चालविणारा, तोफगोळा भरणारा आणि चालक. रोल्स-रॉइसचे ‘मीटिअर’ नावाचे पेट्रोल इंजिन त्याला ओढीत असे.

परंतु ‘एक सेंच्युरियन’ घडविणे हे आपले उद्दिष्ट नाही. आपल्याला एक विशिष्ट सेंच्युरियन घडवायचा आहे. पूना हॉर्स या पलटणीचा, ‘फॅमागुस्ता’ या नावाचा, जेएक्स २०२ या क्रमांकाचा. ज्या पलटणीची परंपरा १८१७ साली पुण्यात उभारलेल्या घोडदळापर्यंत जाते, तिच्यात १९७१च्या जून महिन्यात पुण्यातच जन्मलेला एक तरुण अधिकारी म्हणून रुजू झाला. त्याचे नाव सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. वय अवघे २० वर्षे. त्यानंतर सहा महिन्यांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, शकरगढ क्षेत्रात बसंतर नदीपलीकडे जरपाल गावाजवळ तो या रणगाड्यात होता.

आदल्या रात्री आपल्या पायदळाने नदीपलीकडे पाय रोवला होता. मध्ये भूसुरुंगांचा विस्तीर्ण पट्टा होता आणि इंजिनिअर दलाचे जवान त्यातून वाट मोकळी करीत होते. ती पूर्ण मोकळी होण्यापूर्वीच पूना हॉर्सचे रणगाडे पुढे गेले. कारण पलीकडे गेलेल्या पायदळाला त्यांची तातडीने गरज होती. सकाळी पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या पलटणीने पॅटन रणगाडे घेऊन प्रतिहल्ला केला. खेत्रपाल यांच्या रणगाड्यावर आघात होऊन त्याने पेट घेतला, तेव्हा तो सोडून बाहेर पडण्याची आज्ञा त्यांना झाली. आपली तोफ अद्याप चालते आहे, असे सांगून त्यांनी रणगाडा सोडण्यास नकार दिला. पुढच्या आघातात त्यांना वीरमरण आले. परमवीरचक्राच्या मानपत्रात नमूद आहे की, त्या चकमकीत नष्ट झालेल्या दहा रणगाड्यांपैकी चार त्यांनी स्वतः टिपले होते. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीवरही युद्धविराम झाला.

हा रणगाडा आजही आहे. दुरुस्त करून तो अहिल्यानगर येथे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात जतन केलेला आहे. त्याच शहरात १९९४ साली स्थापन झालेले रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. महाराष्ट्रातील पालकांनी मुलांना एकदा तरी ते संग्रहालय दाखवावे. पुस्तकातील चित्र पाहणे निराळे आणि पोलादाच्या त्या भिंतीशेजारी उभे राहून आपली उंची ताडून पाहणे निराळे.

आता कामाला लागू. या छंदात रूढ असलेले प्रमाण पस्तिसास एक असे आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या तामिया कंपनीने बॅटरीवर चालणारा रणगाड्याचा संच काढला. आत मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा त्याचा आकार ठरला. त्यातून आलेले हे प्रमाण पुढे जगभर स्थिरावले. सेंच्युरियनचा सांगाडा, तोफेची नळी सोडून, सुमारे ७.६ मीटर लांब आणि ३.४ मीटर रुंद असतो. पस्तीसने भागा : लांबी साधारण २१.७ सेंटिमीटर, रुंदी ९.७ सेंटिमीटर. पावणेसहा फूट उंचीचा सैनिक या जगात पाच सेंटिमीटरचा होतो.

बालमित्रांनो, हा भागाकार कायम ध्यानात ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीवर तो तुमची परीक्षा घेणार आहे. प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटिमीटर. तुम्ही अंगणातली माती तशीच आणून चाकांना लावली आणि तिच्यात एक मिलिमीटरचा खडा राहिला, तर पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो साडेतीन सेंटिमीटरचा दगड झाला. म्हणून माती वाळवून, कुटून मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करावी लागते. गणिताच्या तासाला गुणोत्तर-प्रमाण रुक्ष वाटते, ते इथे हाताला कळते.

जोडणीची पहिली अट घाई न करणे. प्लॅस्टिकचे भाग एका चौकटीत ओतलेले असतात. ते हाताने पिळून तोडू नयेत. बारीक पकडीने थोडे अंतर राखून कापावेत, उरलेला कोंब धारदार पात्याने छाटावा आणि पॉलिश पेपरने घासून सपाट करावा. साच्याच्या जोडाची जी बारीक रेघ प्रत्येक भागावर असते ती काढून टाकावी. कारण खऱ्या यंत्रावर ती नसते. दोन भाग आधी कोरडेच जुळवून पाहावेत आणि मगच चिकटवावेत. या कामाचे पातळ द्रावण प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करते. म्हणजे एकदा चुकीचे बसले की सुटे करणे कठीण. फट राहिलीच तर सुतार आणि रंगारी भरतात तशी लांबी भरावी आणि वाळल्यावर घासावी.

सेंच्युरियनचा बुरूज पोलाद ओतून बनविलेला आहे, तर सांगाडा जाड पत्रे वितळजोडाने सांधून केलेला आहे. ओतीव पोलादाचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो. तो साधण्यासाठी लांबी पातळ करून जुन्या दातांच्या ब्रशाने बुरुजावर टोकावी. सांगाडा मात्र सपाटच ठेवावा. एकाच रणगाड्याच्या दोन भागांना दोन वेगळे पोत का, हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा हात आपोआप थांबतो आणि चालतो.

तोफेची नळी बसविण्यापूर्वी छायाचित्र समोर हवे. सेंच्युरियनवर कालानुसार वेगवेगळ्या तोफा बसल्या. त्याच्या २० पौंडी तोफेतही, नळीवर धूर शोषून घेणारा फुगवटा असलेली आणि नसलेली, असे दोन प्रकार होते. संचाच्या खोक्यात जी नळी आली तीच आपल्या रणगाड्याची, असे गृहीत धरता येत नाही. संच बनविणाऱ्याने खोक्यावर सुंदर चित्र छापलेले असते; पण चित्र हा पुरावा नव्हे.

यासाठी एक वही करावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत. पहिला ‘पाहिलेले’, दुसरा ‘वाचलेले’, तिसरा ‘अनुमानलेले’. प्रतिकृतीवर जे जे दाखवायचे ते या तिन्हींपैकी एका रकान्यात आधी लिहावे. रणगाड्याचे नाव आणि क्रमांक पहिल्या रकान्यात जातील. सुरुंगपट्ट्यातून नदीपलीकडे झालेली वाटचाल दुसऱ्या रकान्यात. चाकांना किती चिखल लागला असेल, हे तिसऱ्यात. ज्या गोष्टीला एकाही रकान्यात जागा मिळत नाही, ती कितीही आकर्षक असली तरी प्रतिकृतीवर येता कामा नये. हा नियम पाळणारे मूल पुढे वर्तमानपत्र वाचताना, भाषण ऐकताना आणि स्वतः बोलतानाही मनातल्या मनात हेच तीन रकाने आखू लागते.

आता रंग. प्रथम अस्तराचा पातळ हात द्यावा. त्यामुळे घासण्यात राहिलेले दोष उघडे पडतात. मग हिरवा रंग, जाड एका थरापेक्षा पातळ दोन-तीन थरांत. एअरब्रश नसेल तर सपाट कुंचलाही चालतो, फक्त रंग पुरेसा पातळ हवा. छोट्या वस्तूवर मूळ रंग तसाच दिला तर तो फार गडद दिसतो. म्हणून त्यात थोडा मातकट पांढरा मिसळून तो उजळावा. उन्हाचा मारा खाणारे वरचे पृष्ठभाग आणखी किंचित फिके करावेत. येथे संग्रहालयातला रणगाडा पाहून आलेल्यांना एक सावधगिरीची सूचना देतो. जतन केलेल्या यंत्राला वेळोवेळी नवा रंग दिला जातो. तेथे आकार अचूक पाहावा, मोजावा. मात्र त्याची चकाकी रणांगणावर नेऊ नये.

इथपर्यंत आपला रणगाडा कारखान्यातून नुकताच बाहेर पडल्यासारखा दिसतो. यानंतरचे काम म्हणजे त्याच्या अंगावर ऊन, वारा, धूळ, चिखल आणि माणसांचा वावर यांच्या खुणा उमटविणे. छंदिष्टांमध्ये याला ‘वेदरिंग’ म्हणतात. या टप्प्यावर खरी कसोटी लागते. कारण हे तंत्र हाती आले की हात आवरत नाही. गंजाचे लालभडक ओघळ, जागोजागी चांदीसारखे उघडे पडलेले लोखंड, सर्वत्र काजळी. स्पर्धेत असा रणगाडा लांबूनही नजरेत भरतो. पण तो खोटा असतो.

विचार करून पाहा. युद्धात उतरणारा रणगाडा हे रोज निगा राखलेले यंत्र असते. आतल्या चौघांचे प्राण त्याच्यावर अवलंबून असतात. त्याच्या जाड चिलखतावर भंगारातल्या पत्र्यासारखा गंज कसा चढेल? रंग निघतो तो जिथे बूट घासतात तिथे : झाकणांच्या कडांवर, चढण्या-उतरण्याच्या जागी. तिथेही उघडे पोलाद लवकरच गडद तपकिरी पडते. रोजच्या घर्षणाची जागा तेवढी चकाकते. बाजूची पातळ पत्र्याची झाकणे वाकतात, चेपतात, फाटतात. जाड चिलखत तसे चेपत नाही. धूर बाहेर टाकणारे नळकांडे मागच्या बाजूला पट्ट्यांवरच्या पत्र्यावर असते. ते तापते, त्याचा रंग जळतो, आणि तिथे गंज दाखविणे हे सत्यच आहे. पेट्रोल भरताना सांडले तर ते उडून जाते आणि धूळ धुऊन नेते. वंगण सांडले तर काळपट, चकचकीत डाग मागे राहतो. जमिनीवरून फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा एकूण रंग मातकट तपकिरी, पण भूमीला टेकणारा भाग घासून उजळलेला. प्रत्येक डागाला कारण हवे. ज्या डागाचे कारण सांगता येत नाही, तो पुसून टाकावा.

कृती सोपी आहे. आधी चकचकीत वार्निशचा एक हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. चित्रकारांच्या तैलरंगाच्या नळीतून गडद तपकिरी रंगाचा थेंब घेऊन टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करावा आणि बारीक कुंचल्याने सांध्यांत, रिव्हेटांभोवती सोडावा. तो खाचांमधून आपोआप धावतो आणि सावली निर्माण करतो. रंग निघाल्याच्या खुणांसाठी स्पंजाचा तुकडा रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून कडांवर हलकेच टेकवावा. इथेही भागाकार आठवा : एक मिलिमीटरचा टिपका म्हणजे साडेतीन सेंटिमीटर रंग उडाला! पावसाच्या, घाणीच्या ओघळांसाठी तैलरंगाचा सूक्ष्म ठिपका ठेवून टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या कुंचल्याने वरून खाली ओढावा. गुरुत्वाकर्षण आडवे चालत नाही. शेवटी चमकरहित वार्निश आणि त्यावर वस्त्रगाळ मातीची धूळ. ही धूळ खाली दाट, वर विरळ. कारण ती पट्ट्यांनी उडविलेली आहे.

पालकांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. पाते मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरू द्यावे. टर्पेंटाइन, थिनर आणि चिकटविण्याचे द्रावण यांचा वास कोंडू देऊ नये. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ निरांजन, काडी, शेगडी काहीही पेटते नसावे. खर्चाचे म्हणाल, तर परदेशी संच महाग असतो, हे खरे आहे. परंतु पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, रिकामी रिफिल आणि मापांची वही एवढ्यावरही सेंच्युरियन उभा राहतो. मी सांगितलेले तीन रकाने आणि पस्तीसचा भागाकार पुठ्ठ्यालाही तितकेच लागू आहेत. एकट्या मुलाला महिना लागेल ते काम आजोबा, वडील आणि मुले मिळून काही रविवारांत करू शकतील. त्या बैठकीत जे बोलणे होईल त्याचे मोल मी आपणांस सांगायला नको.

एक प्रश्न अजून उरतो आणि तो सर्वांत नाजूक आहे. ‘फॅमागुस्ता’ कोणत्या क्षणीचा दाखवायचा? आघात होऊन पेटलेला की त्यापूर्वीचा? कापसाला रंग देऊन ज्वाला करता येतात आणि त्या फार खऱ्या दिसतात. माझे मत असे की, त्या क्षणाला हात लावू नये. आत एक तरुण आपले कर्तव्य करीत होता. त्याची अखेरची घटका आपल्या कौशल्याचे प्रदर्शन होऊ नये. रणगाडा दाखवावा तो सोळा तारखेच्या सकाळी नदी ओलांडून आलेला : खाली चिखल, वर रात्रभराच्या प्रवासाची धूळ, झाकण उघडे, आणि नायकाच्या जागी पाच सेंटिमीटरची एक आकृती, पुढे पाहत असलेली. ज्याला पुढचे ठाऊक आहे त्याला एवढे पुरे होते. ज्याला ठाऊक नाही तो विचारील, आणि मग मुलाला सांगता येईल.

हीच सत्याची अट समोरच्या पक्षालाही लागू आहे. पॅटन रणगाड्याची प्रतिकृती घडवाल तर तीही तितक्याच काळजीने घडवा. त्यातही चार माणसे होती आणि ती लढत होती. २००१ साली अरुण यांचे वडील, ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल, वयाच्या ८१व्या वर्षी आपले जन्मगाव पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. तेथे ज्यांनी त्यांचे आतिथ्य केले ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर हे १३ लान्सर्सचे अधिकारी होते. तुमच्या मुलाचा अंत माझ्या हातून झाला, हे त्यांनी त्या वृद्ध पित्याला स्वतः सांगितले, आणि अरुणच्या शौर्याचा गौरवही केला. सांगितले नसते तर कोणाला कळले नसते. ते ऐकून घेणाऱ्या पित्याचे धैर्यही सांगणाऱ्याच्या धैर्याइतकेच मोठे. प्रतिस्पर्ध्याला दुबळा रंगविल्याने आपल्या वीराचा पराक्रम वाढत नाही, उलट उणावतो. बलाढ्य शत्रूपुढे जो ठाम उभा राहिला, त्याचीच कथा सांगण्याजोगी असते.

बालमित्रांनो, आता मूळ प्रश्नाकडे वळतो. या छंदातून काय मिळते? मोजमाप येते, चिकाटी येते, हाताला वळण लागते. हे सर्व खरेच. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती एक सवय : काहीही मांडण्यापूर्वी, हे मला कशावरून ठाऊक आहे, असे स्वतःला विचारण्याची. वीरांची आठवण ठेवायची ती अचूक ठेवावी. भडक रंगाची तिला गरज नसते. ‘फॅमागुस्ता’च्या कथेत आपण पदरचे काहीही घालण्याची आवश्यकता नाही. जे घडले तेवढे नीट सांगितले, तरी ऐकणाऱ्याची मान आपोआप लवते.

म्हणून प्रतिकृती पूर्ण झाली की तिच्याशेजारी एक छोटा पुठ्ठा ठेवा. त्यावर रणगाड्याचे नाव, पलटण, स्थळ, दिनांक लिहा आणि खाली एक ओळ लिहा : यातील अमुक गोष्टी पाहिलेल्या, अमुक वाचलेल्या आणि अमुक अनुमानाने केलेल्या आहेत. ती ओळ लिहिताना कोणालाही कमीपणा वाटू नये. पाहणाऱ्याचा विश्वास त्या ओळीनेच बसतो.